संगणकाचंही पोट साफ हवं

भगिनींनो, मुलुंडच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. कॉलेजात जाणारा मुलगा रात्री संगणकावर गेम खेळतो, गेम अडखळतो म्हणून नवीन ग्राफिक्स कार्ड हवं असा त्याचा हट्ट आहे. यजमानांचं म्हणणं, खेळच बंद करा. आणि मधल्या मध्ये हिचे भिशीचे पैसे, जे तिनं बांगड्यांसाठी ठेवले होते. काय करू, असं विचारते.

पैशांना इतक्यात हात लावू नका. आधी मुलाला एकच विचारा: गेम सुरू केल्याबरोबर अडखळतो, की पंधरा-वीस मिनिटांनी?

उशिरा अडखळत असेल तर बहुधा दोष उष्णतेचा. आतला प्रोसेसर किंवा कार्ड फार तापलं, की जळू नये म्हणून ते आपला वेग आपणच कमी करतं. भर उन्हात आपण पाय ओढत चालतो ना, तसंच. आणि तापायला आपल्याकडे कारणं काय कमी आहेत? शेजारी जुनी इमारत पाडून नवी बांधताहेत, त्याची धूळ. फोडणीचा धूर. उदबत्ती. त्यात पावसाळ्याची दमट हवा, म्हणजे एक्झॉस्ट फॅनवर बसतो तसला चिकट थर आत बसतो. वर संगणक कोंबलेला असतो टेबलाच्या बंद कप्प्यात! तो आधी बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा.

सफाई मुलाकडूनच करून घ्या. बॅटरी धरायला यजमान आहेतच. प्लग काढून सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवावं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. बाजूचं झाकण उघडून आधी डब्याच्या धातूला हात लावावा. मग रंगाचा मऊ, कोरडा ब्रश. पंख्याचं पातं बोटानं धरूनच झटकावं, गरगर फिरू देऊ नये. ओलं फडकं अजिबात नको, व्हॅक्यूम क्लीनरही नको. त्याच्या स्थिर विजेनं नाजूक भाग बिघडू शकतात. संगणक चार-पाच वर्षांचा असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकलेली असते, ती जाणकाराकडून बदलून घ्यावी. वाटाण्याएवढी पुरते. कंपनीचं सील असेल तर वॉरंटी संपेपर्यंत झाकण उघडू नका, आणि लॅपटॉप घरी उघडूच नका, बरं का.

पहिल्यापासूनच अडखळत असेल तर आधी मागची वायर बघा. कार्ड असूनही मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावलेली असते, आणि महागडं कार्ड आत नुसतं बसून राहतं! ती कार्डालाच हवी. मग गेमच्या सेटिंगमध्ये सावल्यांचा दर्जा कमी करून पाहावा, बराच फरक पडतो.

वेगळं कार्डच नसेल, तर रॅमची एकच पट्टी असण्यापेक्षा तेवढ्याच रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या बऱ्या. काम दोन वाटांनी होतं. मात्र 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले, तेव्हा चौकशी करूनच घ्या. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घातली तर गेम लवकर उघडतो, संगणकही चटकन सुरू होतो, पण खेळताना चित्र त्यानं फारसं वेगानं हलत नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही.

एवढं करूनही कार्ड लागलंच, तर आतला पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते लिहून घेऊनच लॅमिंग्टन रोडला जा. तो अपुरा असेल तर कार्डाबरोबर त्याचाही खर्च आला. मुलुंडहून दादरला गाडी बदलायची, आणि ग्रँट रोडला उतरायला स्लो गाडी पकडा. दोन-चार दुकानांत भाव विचारा, आणि बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.