शेकोटी विकत मिळते, पण...

धाकट्या भावाचा न्यू जर्सीहून फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि मग तो म्हणाला, "भाईजान, घरामागच्या फरशीवर ठेवायला गॅसची शेकोटी घ्यायची म्हणतोय. घेऊ का?"

तिकडे तिला फायर पिट म्हणतात. टेबलासारखी वस्तू, मधोमध लाव्हा दगड किंवा काचेचे खडे आणि खाली प्रोपेनची टाकी. बटण दाबलं की ज्वाळा. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'इस्राफ'. उघड्यावरची थंड हवा तापवत बसायचं, याला उधळपट्टी नाही तर काय म्हणायचं?

हिशोबही माझ्याच बाजूचा होता. अशा शेकोटीची ताकद साधारण 50 हजार बीटीयू, म्हणजे आपल्याकडचे सात गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं. तिकडच्या टाकीत नऊ किलोच्या आसपास प्रोपेन असतो. मोठ्या ज्वाळेवर तो आठएक तासांत संपतो. आपल्याकडे 14.2 किलोच्या सिलिंडरवर एखाद्या कुटुंबाचा महिनाभर स्वयंपाक होतो. एवढं करून ऊब कुठे, तर फक्त समोरून. पाठ गारच राहते.

तो म्हणाला, "हौस म्हणून नाही हो. अम्मी येणार आहे ना."

मग मी गप्प झालो. मागच्या खेपेला अम्मी तिकडे चार महिने राहून आली. भाऊ आणि भावजय कामावर, मुलं शाळेत. अम्मी दिवसभर खिडकीशी. परत आल्यावर म्हणाली, "सगळं छान आहे रे, पण माणूस दिसत नाही." भावाच्या मनात ते वाक्य रुतून बसलंय. त्याला वाटतं, गावाकडची शेकोटी तिथं पेटवली तर अम्मी बाहेर येऊन बसेल.

अम्मीला दम्याचा त्रास आहे. लाकडाच्या धुरापेक्षा प्रोपेन तिला बरा, हेही मान्य. पण काळजी घ्यावी लागते. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळती झाली की खाली साचतो. गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त जागेत पेटवली तर कार्बन मोनॉक्साईडचा धोका. झोपण्याआधी आग विझवा, ही पैगंबरांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ती इथेही तेवढीच लागू.

तरीही माझं मन 'घे' म्हणेना. आमच्या गल्लीतली शेकोटी मला आठवली. ती कुणाच्याच मालकीची नव्हती. कुणी तुराट्या आणायचा, कुणी उसाचं पाचट, पोरं जुने टायर आणून शिव्या खायची. ती रस्त्याच्या कडेला असायची, म्हणून फजरची नमाज पढून येणारे टेकायचे, दूध घालायला निघालेले टेकायचे, शेजारच्या गल्लीतले पाटील तंबाखू मळत टेकायचे. बोलावणं कुणालाच नसायचं. भावाची शेकोटी घराच्या मागे असणार, उंच कुंपणाच्या आत. ती बाहेरून कुणाला दिसणारसुद्धा नाही. मग अम्मीला खिडकीऐवजी ज्वाळेसमोर एकटं बसवायचं, एवढाच फरक.

म्हणून मी त्याला सांगितलं, "आत्ता घेऊ नकोस. अम्मी यायला दीड महिना आहे. तोवर चार शनिवार संध्याकाळी तिथंच खुर्च्या मांड. स्वेटर घाला, चहा ठेव आणि लोकांना बोलाव. मशिदीत भेटणारा तो हैदराबादी दोस्त, ऑफिसातलं मराठी कुटुंब, पलीकडचा म्हातारा शेजारी. चौथ्या शनिवारी लोक थंडीनं कुडकुडत उठू लागले, पण त्यांना उठावंसं वाटत नसलं, तर खुशाल घे. तेव्हा तो इस्राफ नाही, मेहमाननवाजीचा खर्च आहे. आणि लोक आलेच नाहीत, तर तुझे तीनचारशे डॉलर वाचले."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "भाईजान, त्या म्हाताऱ्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. सहा वर्षं झाली इथं राहून."

"मग पहिल्या शनिवारी तेच विचार," मी म्हटलं.