घारगे, लाह्यांचे लाडू आणि मुळगावकरांची लक्ष्मी



नवरात्र तोंडावर आलं की पिंपळगाव रेणुकाईच्या बायाबापड्यांना सवड म्हणून मिळत नाही. गावाच्या नावातच देवी. घट बसायच्या आत घराची झाडलोट, अंथरुणं-पांघरुणं धुणं, फुलोऱ्याच्या कडाकण्या, आणि वर मिरचीचा तोडा आहेच. अशा धांदलीत एका भगिनीनं आम्हाला विचारलं, ‘साहेब, पाहुणा आला की पोरं म्हणतात, घरचं काय पुढं ठेवतेस, भोकरदनहून मिठाईचा डबा आण. घरात गूळ आहे, गहू आहे, भोपळा वेलावर लोंबतोय. मग मी कमी कुठं पडते?’

बाई, तुम्ही कुठंच कमी पडत नाही. कमी पडतो तो डबाच. सणाच्या दिवसांत खव्याला इतकी मागणी असते की त्यात कोण काय मिसळतं याचा भरवसा नाही. शिवाय मिरचीची पट्टी हातात यायच्या आत तो डबा उधारीवर येतो. एका डब्याच्या पैशात घरची दोन-तीन गोडं सहज होतात.

तेव्हा आधी भोपळ्याचे घारगे. लाल भोपळा किसून दोन वाट्या घ्या, त्यात एक वाटी चिरलेला गूळ घालून मंद आचेवर शिजवा. पाणी घालायचं नाही, भोपळ्याला स्वतःचं पाणी पुष्कळ असतं. कीस मऊ झाला की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना पीठ घातलं तर ते चिकट होतं आणि मग पीठ वाढवत बसावं लागतं, घारगा वातड होतो. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलदोडा किंवा जायफळ, चमचाभर बारीक रवा, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. पुरीपेक्षा जरा जाड थापा, मध्यम आचेवर तळा. तीन दिवस सहज टिकतात. प्रवासाला निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत यासारखं दुसरं काही नाही.

लाह्यांचे लाडू त्याहून सोपे. ज्वारीच्या लाह्या चार वाट्या, भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट अर्धी वाटी, गूळ एक वाटी, तूप एक चमचा. गुळाचा पाक करून थेंब पाण्यात टाकून पाहा. गोळी वळली की पाक झाला. लगेच लाह्या आणि कूट घालून, हाताला पाणी लावून गरम असतानाच वळा. गूळ शक्यतो काळपट घ्या. पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हायड्रॉससारखं रसायन वापरलेलं असू शकतं.

इथं जरा थांबून शेंगदाण्याबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट चवीपुरती नाही. चांगली शेंग बाजारात जाते आणि काळे, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे ‘घरी खायला’ राहतात. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते काळीज, म्हणजे यकृत, बिघडवतं. भाजल्यानं वा तळल्यानं ते पुरतं जात नाही. असे दाणे निवडून फेकाच, जनावरांनाही घालू नका. शेंग काढल्यावर हलवून दाणा वाजेपर्यंत वाळवा आणि ओलीला भिडू देऊ नका. पोराच्या लाडवात जाणारा दाणा बियाण्यासारखाच निवडून घ्यायचा.

आता गोडाच्या गोष्टीत एका चित्रकाराचं नाव घेतो. पुष्कळ घरांत जुन्या भिंतीवर एखादी लक्ष्मी, शंकर-पार्वती किंवा बाळकृष्ण अजून टांगलेला असतो. कोपऱ्यातली सही वाचा. बऱ्याचदा ती रघुवीर मुळगावकरांची निघेल. १९१८ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस मुंबईत येऊन चित्रकार झाला आणि १९७६ साली गेला. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं त्यांची, ‘रत्नप्रभा’ हा अंक त्यांचा, आणि दिनदर्शिकांवरचे देव तर किती, त्याला गणती नाही.

त्यांच्या देवीच्या गालावर कुंचल्याची रेघ दिसत नाही. कारण ते रंग फवारत. आपल्या फवारणी पंपाचंच तत्त्व, फक्त तोटी सुईसारखी बारीक. जिथं रंग नको तिथं कापलेला कागद झाकायचा आणि हवेच्या जोरावर रंगाचं धुकं बसवत जायचं. थेंब जाड पडला की चित्र बिघडलं. ज्यानं कपाशीवर नीट फवारणी केली आहे त्याला या हाताची किंमत चटकन कळेल.

जाणकार म्हणवणाऱ्यांनी अशा कामाला ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून नाक मुरडलं. मला ते पटत नाही. ज्या घरात चित्र विकत घ्यायची ऐपत नव्हती तिथं दुकानदारानं फुकट दिलेल्या दिनदर्शिकेतून इतकं सुंदर काम पोचलं, ही लहान गोष्ट आहे काय? घरच्या घारग्याला हसणारे आणि हे नाक मुरडणारे एकाच पंगतीतले. पुढं १९७३ पासून ‘कालनिर्णय’ आलं, चित्राची जागा तारखांच्या चौकटींनी घेतली आणि मागच्या पानावर पाककृती आल्या. त्याही पुष्कळ घरांत उपयोगी पडल्या, पण भिंतीवरचा देव मात्र हळूहळू उतरला.

आता घर झाडताना असलं चित्र हाती लागलं तर चुलीत घालू नका. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ झटका, ओलं फडकं फिरवू नका. उन्हात रंग उडतो आणि ओल्या भिंतीला कागद बुरसतो, म्हणून काच बसवायची तर चित्र काचेला चिकटणार नाही एवढी फट ठेवायला सांगा. पेटीत ठेवायचं असेल तर घडी न घालता सपाट ठेवा आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून शेजारी ठेवा, म्हणजे कसर लागत नाही. चुलीवरच्या धुराच्या भिंतीवर मात्र ते पुन्हा टांगू नका.