युद्धावर गेलेल्या पित्याचे स्मरण

देहू हे नाव उच्चारताच इंद्रायणीचा डोह, टाळमृदंगांचा गजर व तुकोबारायांची मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. तलवारीचा व या गावाचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु तुकोबांच्या घराण्याची परंपरा पाहणाऱ्यास तेथेही रणांगणावर पडलेला एक पिता भेटतो. त्याच्या निमित्ताने आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे एक विचार मांडावा, असे आम्हांस वाटते.

परंपरा सांगते ती अशी : तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबाबा हे थोर विठ्ठलभक्त होते. त्यांच्या पश्चात हरि व मुकुंद या त्यांच्या पुत्रांनी, आई आमाबाई हिच्या मनाविरुद्ध, राजाच्या सैन्यात चाकरी धरली. पुढे परचक्र आले आणि दोघेही बंधू लढता लढता धारातीर्थी पडले. मुकुंदाची पत्नी सती गेली. हरीची पत्नी गरोदर होती. तिला घेऊन वृद्ध आमाबाई देहूस परतली. तिला पुत्र झाला, त्याचे नाव विठ्ठल. पुढे पदाजी, शंकर, कान्होबा, बोल्होबा असा वंश चालत आला आणि बोल्होबांच्या पोटी तुकोबा जन्मास आले.

या विठ्ठलाने आपल्या पित्याचे मुख कधीच पाहिले नाही. मोठा होत असता त्याने आजीस किती प्रश्न विचारले असतील! आपला पिता हसे कसा, कोणते काम त्यास आवडे, लढाईच्या आदल्या रात्री त्याच्या मनात काय आले असेल? आमाबाईने काही सांगितलेही असेल. परंतु ते कोणी लिहून ठेविले नाही. हरीचे नाव उरले, मरण उरले. हरीचे आयुष्य मात्र काळाच्या उदरात गडप झाले.

ही फार जुन्या काळची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. परंतु 1914 ते 1918 च्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली, त्यांचे काय झाले? आपल्या कित्येक गावांत त्या युद्धाच्या स्मरणार्थ शिळा बसविलेल्या आहेत. या गावचे इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतके मरण पावले, एवढेच बहुधा त्या सांगतात. साताऱ्याकडील अपशिंगे गावाचे 46 जवान त्या युद्धात कामी आले. सेहेचाळीस हा आकडा वाचण्यास क्षणही लागत नाही. परंतु तितक्या घरी कोणाची तरी वाट पाहिली जात होती.

पराक्रमाची नोंद झाली तरी ती अपुरीच असते. मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत एकट्याने शत्रूच्या ठाण्यावर चालून गेले व तेथेच पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सन्मानपत्रात त्या काही क्षणांचे वर्णन आहे. त्यामागचे बावीस वर्षांचे आयुष्य त्यात कोठून असणार? मग जे लढलेच नाहीत, परंतु ज्यांनी भाकरी भाजली, खेचरे हाकली, जखमी वाहिले किंवा दारूगोळ्याचा हिशेब ठेविला, त्यांची नोंद कोण करणार? देहूजवळच देहूरोडची लष्करी छावणी आहे. अशा ठिकाणी मुकाट्याने राबणाऱ्या पित्याची सेवाही सेवाच होय.

आमचे म्हणणे एवढेच की, शूराचे स्मरण सरकारने करावे, परंतु पित्याचे स्मरण मुलांनीच केले पाहिजे. या सुटीत एक वही घ्यावी आणि वडिलांजवळ किंवा आजोबांजवळ बसावे. कोणत्या साली गेलात, काय खाल्ले, कशाची भीती वाटली, घरचे पत्र किती दिवसांनी येई, हे विचारावे. ते गप्प राहिले तर आग्रह करू नये. काही दुःखे बोलून दाखविण्याजोगी नसतात. त्या काळी घर कसे चालले, हे आईस व आजीसही विचारावे. जे ऐकाल ते जसेच्या तसे लिहावे. भीती वाटली असे ते म्हणाले तर तेथे शौर्य घालू नये.

अशाने मुलांस युद्धाची गोडी लागेल, असे काहींस वाटते. आमचे मत नेमके उलट आहे. ज्या कथेत हरीच्या तलवारीबरोबर आमाबाईचे अश्रूही आहेत, ती ऐकणारा मुलगा युद्धाला खेळ समजणार नाही.

मातापित्यांचा मान राख, अशी आज्ञा आपण शाळेत पाठ करतो. मान राखणे म्हणजे केवळ नमस्कार करणे नव्हे. त्यांचे आयुष्य जाणून घेणे हाही मानच होय. ज्यांस आज विचारता येते, त्यांनी आजच विचारावे. देहूच्या त्या विठ्ठलास हे भाग्य लाभले नव्हते.