हराम फक्त घेणाऱ्या गरिबालाच का?




मृगाचा पाऊस तोंडावर आला की वाटूर फाट्यावर बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होते आणि आमच्या मोहल्ल्यात दरवर्षीचा प्रश्न पुन्हा निघतो: बँकेचे पीककर्ज घ्यावे की घेऊ नये? ते 'सूद', म्हणून हराम, असे ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या नात्यातल्या एका तरुणाने हेच ऐकून दोन वर्षांपूर्वी बँकेची पायरी टाळली आणि कापसासाठी ओळखीतल्या माणसाकडून पन्नास हजार उचलले. दर शेकडा पाच, महिन्याला. म्हणजे महिना अडीच हजार, वर्षाला तीस हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. देणारा त्याला व्याज म्हणत नव्हता, 'नफा' म्हणत होता. दोघेही आमच्याच जमातीतले.

शरियतमधून पळवाट काढायला मी हे पत्र लिहीत नाही. व्यापार हलाल आणि रिबा म्हणजे व्याज हराम, हे सूरह बकरामध्ये स्वच्छ सांगितले आहे. पण त्याच सूरहमध्ये पुढे दोन गोष्टी आहेत. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, सोडून दिले तर ते अधिक चांगले, ही एक. कर्जाचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवा, ही दुसरी. ती सांगणारी आयत तर कुरआनातली सर्वांत लांब आहे. आणि प्रेषित मुहंमद (स.) यांनी शेवटच्या हजच्या प्रवचनात व्याज रद्द केले तेव्हा पहिल्यांदा कुणाचे रद्द केले? स्वतःचे चुलते हजरत अब्बास यांचे लोकांकडे असलेले व्याजाचे येणे. म्हणजे सुरुवात घरातून, आणि तीही वसूल करणाऱ्यापासून. आम्ही मात्र सुरुवात करतो ती कर्ज काढणाऱ्यापासून.

यावर कुणी म्हणेल, हदीसमध्ये व्याज खाणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार सगळ्यांवर सारखीच लानत आहे. ते खरे आहे. पण फिकहने, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राने, गरजेचा विचारही केला आहे. सोळाव्या शतकातले इजिप्तचे हनफी फकीह (कायदेपंडित) इब्न नुजैम यांनी नाडलेल्या माणसाला जादा रक्कम देऊनही कर्ज घेण्याची मुभा सांगितली. व्याज खाणाऱ्याला अशी मुभा त्यांनी दिलेली नाही. अर्थात गरज म्हणजे गरज. पेरणी, दवाखाना, पोरीची फी. लग्नाचा मांडव आणि नवी मोटारसायकल त्यात बसत नाही, हेही मी तितक्याच जोराने म्हणेन.

आता पीककर्जाचा हिशेब मांडू. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत राज्याने २०२१ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने दिले आहे. करारात व्याज लिहिलेले असते, पण वेळेवर फेडले तर त्याचा भार केंद्र आणि राज्य उचलते. शेवटी शेतकऱ्याच्या खिशातून मुद्दलच जाते. मी मुफ्ती नाही. पण ज्याला शंका आहे त्याने 'बँकेचे कर्ज हराम का?' एवढेच न विचारता हा सगळा हिशेब कागदावर मांडून मुफ्तीसाहेबांना विचारावे. अर्धा प्रश्न विचारला की उत्तरही अर्धेच मिळते. दुसरीकडे, परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला विनातारण कर्ज दिले तर वर्षाला १२ टक्क्यांहून जास्त घेऊ नये, अशी मर्यादा राज्याने २०१४ च्या सावकारी कायद्याखाली घातली. आमच्या 'नफेवाल्या'चा दर साठ टक्के पडतो, तोही परवान्याशिवाय.

बँकेच्या पासबुकात व्याज शोधणाऱ्यांनी जरा गावातही शोधावे. शेत गहाण घ्यायचे, पैसे फिटेपर्यंत त्यातले सोयाबीन-तूर स्वतः खायची आणि मुद्दल शेवटी पुरे वसूल करायचे, याला आमच्याकडे कुणी सूद म्हणत नाही. कर्जाच्या बदल्यात मिळवलेला असा फायदा म्हणजे रिबाच, असे हनफी उलेमांनी बजावले आहे. बटईने शेत केले तर गोष्ट वेगळी, कारण तिथे दुष्काळाचा तोटा दोघांच्याही वाट्याला येतो. भिशीचेही तसेच. चिठ्ठी टाकून नंबर काढायची साधी भिशी म्हणजे एकमेकांना दिलेले उसने. पण बोली लावून, पाच-सहा हजार तोडून उचलायची भिशी म्हणजे अडलेल्याच्या गरजेची किंमत. दुकानदाराने खताची रोखीची आणि उधारीची किंमत आधीच वेगळी सांगितली आणि एक ठरली, तर बहुतेक फकीह त्याला व्यापार मानतात. ठरल्यानंतर उशीर झाला म्हणून दरमहा रक्कम चढवली, की ते व्याज. ज्वारीची पोती सवाईने देणारेही याच रांगेत.

इस्लामी बँक आली की सगळे सुटेल, अशी आशा काही जण लावून बसतात. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. दरम्यान 'हलाल नफ्या'च्या जाहिरातींनी काय केले तेही पाहिले: बंगळुरूची आयएमए ही गुंतवणूक कंपनी २०१९ मध्ये कोसळली आणि हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. दरमहा ठरावीक नफ्याची हमी देणारा कितीही दाढी कुरवाळत बोलला, तरी त्याला ठेव देऊ नये.

मग करायचे काय? कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी उसने. त्याला रिझर्व्ह बँक लागत नाही, आणि बिनव्याजी उसने द्यायला सावकारीचा परवानाही लागत नाही. वाटूर आणि आसपास मोसंबीच्या बागा असलेले, ट्रकवाले, फाट्यावर दुकाने असलेले वीस जण निघणे अवघड नाही. प्रत्येकी दहा हजार म्हणजे दोन लाख. त्यातून आठ शेतकऱ्यांना पेरणीपुरते पंचवीस-पंचवीस हजार. कुणाकडून ठेवी गोळा करायच्या नाहीत, कुणाला नफा द्यायचा नाही. वहीत नोंद, दोन साक्षीदार, कापूस विकला की परतफेड. पीक बुडाले तर पुढच्या हंगामापर्यंत सवड. शेजारच्या हिंदू शेतकऱ्यालाही तीच वही खुली असावी. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम त्यांच्याही धर्मशास्त्रात आहे. दुःख सारखेच आहे.

आमच्या इमामसाहेबांना आणि जमातीच्या जाणत्यांना विनंती आहे, पेरणीआधीच्या एका जुम्म्याला कर्ज काढणाऱ्यांना बाजूला ठेवा आणि 'नफा' खाणाऱ्यांवर बोला. माझ्या नात्यातल्या त्या तरुणाने मागच्या महिन्यात गाय विकून पैसे चुकते केले, तरी मशिदीत तो मान खाली घालूनच येतो. ज्याने त्याच्याकडून 'नफा' घेतला, तो पहिल्या रांगेत ताठ उभा असतो.

वही कुणी काढणार असेल, तर पहिले दहा हजार माझे लिहा.

आपला,
एक शेतकरी वाचक
वाटूर, ता. परतूर, जि. जालना