मायानगरीचा जमाखर्च

भुते, चेटकिणी, ड्रॅगन आणि अमर योद्धे यांच्या दूरचित्रवाणी मालिकांविषयी पुरोगामी मंडळी बोलू लागली की चर्चा बहुधा अंधश्रद्धेपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. ती चर्चा अनाठायी नाही. ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा होण्यासाठी २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा बळी जावा लागला, त्या राज्यात तरी इच्छाधारी नागिणीच्या कथेकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे कठीण आहे. परंतु अद्भुताचा प्रश्न एवढ्याने संपत नाही. ड्रॅगन खोटा असतो, हे तो पाहणाऱ्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच्यावर खर्च होणारा पैसा मात्र खरा असतो. तो कोणाच्या खिशातून येतो आणि कोणत्या अटींवर येतो, हा अर्थशास्त्रातला अगदी प्राथमिक प्रश्न या मालिकांच्या बाबतीत क्वचितच विचारला जातो.

अमेरिकेत त्याचे उत्तर फार लवकर मिळाले होते. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष सोडले. त्या घटनेवरून रॉड सर्लिंग या लेखकाने दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहिले. कार्यक्रमाची पुरस्कर्ती होती एक पोलाद कंपनी. १९५६ साली नाटक प्रक्षेपित झाले तेव्हा घटनास्थळ दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेलेले होते, मारला गेलेला माणूस कुणी एक अनामिक परदेशी झाला होता, आणि दक्षिणेची आठवणही नको म्हणून कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा दृश्यांतून काढून टाकल्या होत्या. सर्लिंगने यातून घ्यायचा तो धडा घेतला. १९५९ च्या ऑक्टोबरात त्याची ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली आणि १९६४ पर्यंत तिचे १५६ भाग झाले. त्यांतल्या १९६० सालच्या एका भागात एका शांत गल्लीतले दिवे जातात, आणि आपल्यातच कुणी परग्रहवासी दडला आहे या संशयाने शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतात. मॅकार्थीच्या काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाला ही गोष्ट कोणाची आहे हे सांगावे लागले नसेल. जाहिरातदाराला मात्र हरकत घ्यायला जागा उरली नव्हती. परग्रहवासी काही त्याचे गिऱ्हाईक नव्हते!

आज चित्र पालटले आहे. मोठ्या खर्चाच्या अद्भुत मालिका आता बव्हंशी वर्गणीवर चालणाऱ्या वाहिन्या आणि महाकाय कंपन्या काढतात, आणि त्यांत वाटेल तेवढी बंडखोरी चालते. राण्या गुलामांना मुक्त करतात, राजे विषप्रयोगाने मरतात, सिंहासने वितळतात. मालकांना त्याचे काहीच वाटत नाही, कारण त्यांची खरी वाटाघाट कथेबाहेर, सरकारांशी चाललेली असते.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडचे. तेथे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांसाठी प्रतिकृती घडवणारा एक कारागीर न्यायालयात गेला होता. करारावर त्याला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटलेले असले तरी प्रत्यक्षात तो नोकरच होता, असा निर्णय २००५ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. निर्मात्यांना हा निर्णय सलत राहिला. २०१० मध्ये ‘हॉबिट’ चित्रपटांच्या वेळी नटांच्या संघटनेने सामुदायिक कराराची मागणी केली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला पाठिंबा देऊन आपल्या सभासदांना काम न स्वीकारण्यास सांगितले. तो बहिष्कार काही आठवड्यांतच मागे घेतला गेला. तरीही चित्रपट दुसऱ्या देशात जाईल अशी आवई उठली, वॉर्नर ब्रदर्सचे अधिकारी वेलिंग्टनला उतरले आणि पंतप्रधान जॉन की यांच्याशी बोलणी झाली. २५ ऑक्टोबरला नागरिकांनी ‘चित्रपट येथेच राहू द्या’ म्हणून मोर्चे काढले. तो दिवस न्यूझीलंडच्या कामगारदिनाचा होता. आठ तासांपेक्षा अधिक राबणार नाही असे १८४० साली ठणकावून सांगणाऱ्या सॅम्युएल पार्नेल या वेलिंग्टनच्या सुताराचे स्मरण त्या दिवसाशी जोडलेले आहे.

आणखी चारच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, तातडीची बाब म्हणून संसदेने कायदा बदलला. चित्रपट-निर्मितीत काम करणारा माणूस यापुढे कंत्राटदारच समजला जाईल. करारात तसे स्पष्ट लिहिलेले असेल तरच तो नोकर. सर्वोच्च न्यायालयाने दिलेले संरक्षण विधिमंडळाने काढून घेतले, आणि वर प्रत्येक चित्रपटामागे ७५ लाख अमेरिकन डॉलरपर्यंतची जादा सवलत व जाहिरातखर्चापोटी १ कोटी डॉलर देऊ केले. एका सार्वभौम राष्ट्राने बुटक्यांच्या गोष्टीसाठी आपला मजूर कायदा वाकवला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

हा इतिहास चित्रपटांचा असला तरी पुढे मालिका आली ती याच नांगरलेल्या जमिनीवर. ॲमेझॉनने २०१७ साली टॉल्किनच्या कथाविश्वाचे दूरचित्रवाणी हक्क घेतले. त्यासाठी सुमारे २५ कोटी अमेरिकन डॉलर मोजल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेच्या पहिल्या पर्वासाठी न्यूझीलंडमध्ये सुमारे ६५ कोटी स्थानिक डॉलर खर्च होतील, असे २०२१ साली उघड झाले. अशा खर्चाचा पाचवा हिस्सा सरकार परत करते, आणि या अनुदानाला वरची मर्यादा नव्हती. ॲमेझॉनला आणखी ५ टक्के देण्याचेही ठरले होते, ते दीर्घकाळ नाते राहील या भरवशावर. ते नाते एका पर्वाचे ठरले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने दुसऱ्या पर्वाचे चित्रीकरण ब्रिटनमध्ये हलवत असल्याचे जाहीर केले. सरकारने वरचे ५ टक्के रद्द केले. मूळ २० टक्के मात्र पहिल्या पर्वापोटी देणे उरलेच, म्हणजे हिशेबाने सुमारे १३ कोटी डॉलर. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला ५० लाख वस्तीच्या देशाने दिलेली ही दक्षिणा.

अनुदानाच्या समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. सुतार, शिंपी, लोहार, वाहनचालक, खानावळवाले अशा शेकडो लोकांना या मालिका काम देतात, आणि कसब मागे उरते. परंतु मजुरी चित्रीकरण चालू असेतोवरच मिळते. कथेच्या हक्कांतून वर्षानुवर्षे निघणारा खंड मात्र हक्क ज्याच्या नावावर त्याच्या घरी जातो. खाण खोदणाऱ्या कंपनीला निदान खाण उचलून नेता येत नाही. इथे सारी मायानगरी गाड्यांत भरून पुढच्या देशात नेता येते, आणि पुढचा देश सवलतीचे ताट वाढून उभाच असतो. शेतकऱ्याच्या अनुदानावर तावातावाने बोलणारे अर्थतज्ज्ञ या ताटाविषयी सहसा मौन पाळतात.

बेलफास्टची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. टायटॅनिक जहाज जेथे बांधले गेले त्या हार्लंड अँड वुल्फ गोदीतली जहाजे रंगवण्याची प्रचंड शाळा ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची चित्रशाळा बनली. सार्वजनिक निधीचा हातभार होताच. २०११ ते २०१९ या काळात ७३ भाग झाले आणि दंगलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या उत्तर आयर्लंडकडे पर्यटक वळले. हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. मात्र २०१९ च्या मे महिन्यात मालिका संपली आणि जुलैअखेर त्याच बेटावर, खुद्द गोदीच्या फाटकावर, उरलेसुरले शंभरावर कामगार ठाण मांडून बसले. एकेकाळी पस्तीस हजार माणसे पोसणारी ही गोदी दिवाळखोरीत निघाली होती आणि तिचे राष्ट्रीयीकरण करा, ही त्यांची मागणी होती. नऊ आठवडे त्यांनी ताबा सोडला नाही. सरकारने राष्ट्रीयीकरण नाकारले, एका खासगी कंपनीने ६० लाख पौंडांत गोदी घेतली, तीही पुढे बुडाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गोदी नवान्तियाकडे गेली. नवान्तिया ही स्पेन सरकारच्या मालकीची कंपनी. सार्वजनिक मालकी चालत नाही, हा नियम बहुधा आपल्याच जनतेपुरता असावा.

कल्पित सिंहासनासाठी जो पैसा निघाला तो खऱ्या जहाजांसाठी का निघाला नाही, हा प्रश्न त्या कामगारांना पडला असेल तर तो गैर म्हणता येणार नाही. शिवाय सिंहासनही कायमचे थोडेच होते? ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही २०२२ मध्ये आलेली पूर्वकथा मुख्यतः इंग्लंडमधील लीव्हस्डेनच्या चित्रशाळेत झाली. २०२४ साली तिसऱ्या एका मालिकेचे चित्रीकरण पुन्हा उत्तर आयर्लंडमध्ये आले. येणे-जाणे असे मालकाच्या सोयीने. क्रोएशियातील दुब्रोव्निकला तर उलटेच भोगावे लागले. या मालिकेतली राजधानी म्हणून ते जगभर गाजले, तटबंदीच्या आतल्या चिंचोळ्या गल्ल्यांत आधीच असलेली गर्दी आणखी वाढली, आणि १९९१ च्या सुमारास पाचेक हजार असलेले तिथले रहिवासी आता दीड हजारांच्या आसपास उरले आहेत. प्रवासी जहाजांवर नगरपालिकेला मर्यादा घालावी लागली.

हे सारे आपल्यापासून दूरचे आहे असे समजू नये. परदेशी निर्मात्यांनी भारतात केलेल्या खर्चाचा काही भाग परत करण्याची योजना केंद्र सरकारने २०२२ साली आणली. २०२३ च्या नोव्हेंबरात गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा परतावा ३० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेल्याचे आणि कमाल मर्यादा ३० कोटी रुपये केल्याचे जाहीर झाले. म्हणजे बोलीत आपणही उतरलो आहोत. दुसऱ्या बाजूला सिनेकामगारांसाठी १९८१ साली झालेला कायदा लेखी कराराची सक्ती करीत होता, पण तो कथाचित्रपटांपुरताच होता. मालिकेत दिवे उचलणारा, रात्रपाळीला पडदे रंगवणारा त्यात बसत नव्हता. २०२० च्या श्रमसंहितेत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ असा व्यापक शब्द आला आहे. तेव्हा न्यूझीलंडच्या वाटेने जायचे नसेल तर एक काम लगेच करता येण्यासारखे आहे: ४० टक्क्यांच्या धनादेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी त्या कामगारांचे करार आणि त्यांच्या मजुरीच्या पावत्या पुढे मागवाव्यात, आणि त्या नसतील तर धारिका तशीच परत पाठवावी.