मुठ्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?

शनिवारी रात्री भाचीचा फोन. 'मावशी, सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय. फ्रेशवॉटर ॲनिमल्स. गूगल करून प्रिंटआउट दे ना, प्लीज!' म्हणजे माझ्या रविवारच्या झोपेचे बारा वाजले!

प्रिंटआउट चिकटवणं हा सोपा फंडा होता. पण जुलै महिना, आम्ही कोपरकर. घरापासून दहा मिनिटांवर शेतात पावसाचं पाणी भरलेलं असताना वहीत सॅलमनचा फोटो कशाला? मग रविवारी सकाळी भाची, तिची तीन मित्रमंडळी, दोन चहाची गाळणी आणि एक पांढरा टब अशी आमची वरात निघाली. गाइड होत्या आमच्या मासळीवाल्या मावशी. आगरी, अस्सल इथल्या. सोबत त्यांचा पाचवीतला नातू, अगदी गप्प गप्प.

पाणी दिसताच पोरं थेट आत घुसायला निघाली. 'पानी ढवलू नको, पोरा!' मावशी ओरडल्या. झालं, पोरं खुसखुसायला लागली. 'पानी' म्हणे! नातवाचा चेहरा पडला. नंतर मावशींनी हळूच सांगितलं, शाळेतही असंच हसतात, म्हणून तो वर्गात तोंडच उघडत नाही. मला एकदम कसंतरीच झालं. कारण शाळेत असताना मीही हसलेय, अशाच कुणाला तरी.

पाच मिनिटं सगळे चुपचाप उभे राहिलो. पाणी निवळलं आणि पिक्चर सुरू झाला! वर चतुर आणि टाचण्या. बसताना पंख पसरून ठेवतो तो चतुर, बहुतेक वेळा मिटून घेते ती टाचणी. दोघांचंही बालपण पाण्यात जातं आणि चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या मटकावतात. (रात्री वाचून आले होते, त्यामुळे जरा भाव खाल्ला.)

तेवढ्यात बांधाच्या बिळातून एक स्वारी बाहेर आली. 'क्रॅब!' भाची किंचाळली.

'क्रॅब म्हंजे? चिंबोरी का मुठा?' मावशींचा सवाल.

पोरं गप्प. मास कॉमची डिग्री घेतलेली मीही गप्प! उत्तर आलं ते नातवाकडून. 'मुठा. चिंबोरी खाडीत असते. हा गोड्या पान्यातला.' मग त्यानेच मुठा मागून अलगद धरून उलटा केला. पोटाखालची घडी निमुळती असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. आता कोणी हसत नव्हतं. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते.

बॉस, इथेच खरी गंमत आहे. इंग्लिशमधल्या एका 'क्रॅब'मध्ये आगरी बोलीतले हे दोन वेगळे प्राणी कोंबले जातात. खाडीतल्या चिंबोरीची मादी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. पिल्लं आधी पाण्यावर तरंगतात, प्रवाहाबरोबर दूरदूर पसरतात. मुठ्याचं तसं नाही. त्याची मादी अंडी पोटाखाली सांभाळते आणि त्यातून थेट इवलेसे मुठेच बाहेर पडतात. तेही काही दिवस आईला चिकटूनच. म्हणजे एखाद्या शेतात भराव पडला आणि तिथले मुठे संपले, तर लाटेबरोबर नवे येणार नाहीत. आपल्या भागात असे भराव किती पडतात, ते लोकलच्या खिडकीतून रोजच दिसतं! आणि मुठाच उरला नाही, तर तो शब्द कोण कशाला वापरेल?

ऑस्ट्रेलियात या गोष्टीचा सिरियसली विचार झालाय. 'सीएसआयआरओ' या तिथल्या सरकारी विज्ञानसंस्थेच्या 'टू-वे सायन्स' उपक्रमात आदिवासी मुलं गावातल्या जाणत्यांबरोबर रानात, पाण्याकाठी गेली आणि त्यांचं पारंपरिक ज्ञान नि शाळेतलं विज्ञान एकत्र शिकली. पण त्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, १९५७मध्ये ते कोसबाडला नेलं. तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये. वारली पोरं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत? मग शाळाच कुरणात न्या! तीच त्यांची कुरणशाळा. शिकवायला समोरची झाडं, पानं, दगड होतेच.

आपण मात्र उलटं करतो. ज्या पोराला सगळ्यात जास्त माहिती आहे, त्यालाच 'पानी' म्हणतो म्हणून गप्प बसवतो.

मुठा परत बिळात गेला. सोमवारी भाचीचा चार्ट शाळेत गेला. वर हेडिंग इंग्लिशमध्ये, खाली चित्रात एक मुठा, एक चिंबोरी आणि नावं देवनागरीत. बाईंनी विचारलं, 'मुठ्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?' भाची म्हणाली, 'फ्रेशवॉटर क्रॅब म्हणतात, पण त्याला दोन शब्द लागतात. आमच्याकडे एकातच काम होतं!'

येत्या रविवारी मॉलऐवजी एखाद्या बांधावर जाऊन बघा. गाळणं घरचंच न्या. आणि गाइड? तुमच्या मासळीवाल्या मावशींना विचारा. फक्त त्या बोलायला लागल्या की हसू नका.