कावीळ ‘ब’: लागण कोणत्या वयात झाली?

हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तातून आणि शरीरातील इतर स्रावांतून पसरतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. ती ‘ए’ आणि ‘ई’ या विषाणूंमुळे होते. लागण झाल्यावर पुढे काय होणार, हे मुख्यतः रुग्णाच्या वयावर ठरते. प्रौढांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जण काही महिन्यांत पूर्ण बरे होतात. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळाचे डोळेही पिवळे होत नाहीत. पण अशा १०० पैकी सुमारे ९० बाळांच्या यकृतात विषाणू कायमचा ठाण मांडतो. त्यातल्या कित्येकांना तिशी-चाळिशीनंतर सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग गाठतो.

म्हणून या रोगाचे रूप प्रदेशागणिक बदलते. पश्चिम युरोपात लागण बहुतांशी प्रौढ वयात, असुरक्षित शरीरसंबंधांतून किंवा नशेच्या सामायिक सुयांमधून होते. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस ती पाच वर्षांच्या आत, घरातल्या भावंडांकडून होते. पूर्व आशियात आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचा वाटा फार मोठा राहिला.

तैवानने त्याची जबर किंमत मोजली. संशोधक पामर बीस्ली यांनी तिथल्या २२ हजारांहून अधिक पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. विषाणूच्या वाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशे पटींहून अधिक असल्याचे त्यांनी १९८१मध्ये दाखवले. जुलै १९८४पासून तैवानने वाहक मातांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी ती सर्व नवजात बालकांना लागू केली. दहा वर्षांत तैपेईतील मुलांमधले वाहकांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. शालेय वयातील यकृताचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. लसीने कर्करोग टळतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतके निर्विवाद यश विरळाच.

भारतात तिन्ही वाटा दिसतात. शिवाय सुया पुन्हा वापरण्याची घातक सवयही आहे. २००९मध्ये गुजरातेतील मोडासा भागात तिने अनेकांचे बळी घेतले. हिपॅटायटिस बीची लस २०११पासून देशभरच्या लसीकरणात आहे. मात्र सहाव्या आठवड्यातली पेंटाव्हॅलेंट, म्हणजे हिपॅटायटिस बीसह पाच रोगांवरची एकत्रित लस प्रसूतीवेळच्या लागणीला अडवू शकत नाही. तोवर उशीर झालेला असतो. त्यासाठी पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आतच मिळायला हवा. घरी बाळंतपण झाले, तर नेमका तोच चुकतो. गरोदरपणी आईची ‘एचबीएसएजी’ ही विषाणू शोधणारी रक्ततपासणी करून घ्यावी आणि बाळ जन्मताच हा डोस मागून घ्यावा. सरकारी रुग्णालयांत तो मोफत मिळतो.